गुऱ्हाळावरचं घर: टीबीच्या एकाच जंतूला चार छात्यांनी दिलेली चार उत्तरं

कराड तालुका, कृष्णाकाठचा उसाचा पट्टा. दोन खोल्या, पुढे पडवी आणि सात माणसं. आजी ७२ वर्षांची, तिचा मुलगा ५१ चा, सून ४६ ची, दोन नातू, थोरला २७ चा आणि धाकटा १९ चा, थोरल्याची बायको २४ ची आणि त्यांची अडीच वर्षांची मुलगी. हे घर शिकवण्यासाठी मांडलेलं आहे, कुणा एका कुटुंबाची ही नोंद नाही. पण सातारा-सांगलीत टीबीचं काम करणाऱ्या आशाताईला, उपचार पर्यवेक्षकाला किंवा डॉक्टरला यातलं प्रत्येक माणूस ओळखीचं वाटेल.

घरात शिरलेला जंतू एकच. तरी वडिलांच्या (५१ चे) फुप्फुसाला भोक पडलं, धाकट्याच्या छातीत पाणी साचलं, आईला (४६ ची) काहीच झालं नाही आणि नातीला काही होण्याआधीच गोळी सुरू करावी लागली. हा फरक कुठून आला, हे कळलं की तपासणी आणि औषधांचे निम्मे निर्णय आपोआप सुटतात. म्हणून या प्रकरणात औषधांपेक्षा फुप्फुसाच्या बंदोबस्ताबद्दल, म्हणजे शरीराच्या प्रतिकाराबद्दल, जास्त लिहिलं आहे.

बेडक्याचा अहवाल

वडील गुऱ्हाळावर जळव्या. चुलवाणात चिपाडं सारायची, जाळ एकसारखा ठेवायचा, हंगामात दिवसाचे दहा-बारा तास धुरात. बिडी जुनी. मधुमेह सात वर्षांचा, गोळ्या आठवण येईल तशा. खोकला दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झालं तेव्हा लागला आणि घरच्यांनी तो धुरावर घातला. खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या झाल्या, अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला. महाशिवरात्रीपर्यंत वजन ६१ वरून ५२ किलोवर आलं, रात्री उशी घामानं भिजू लागली, तेव्हा बेडका तपासायला गेला.

पहिला नमुना वाया गेला. डबीत पातळ, फेसाळ लाळ होती आणि तीत जंतू दिसले नाहीत. हे फार वेळा होतं. 'डबीत थुंका' एवढंच सांगितलं की माणूस थुंकतो. सांगायचं असं: सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा, घराबाहेर मोकळ्यावर जा, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, मग छातीच्या तळातून खोका आणि जे घट्ट, पिवळट येईल ते डबीत टाका. तीन ते पाच मिलीलिटर पुरे.

दुसऱ्या नमुन्यात निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्याच काड्या, श्रेणी ३ प्लस, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या प्रत्येक दृश्यक्षेत्रात दहापेक्षा जास्त जंतू. ट्रूनॅट या जनुकीय चाचणीत टीबी सापडला, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला प्रतिरोध नाही. एचआयव्ही निगेटिव्ह. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात चार सेंटिमीटरची जाड भिंतीची पोकळी, खालच्या भागातही ठिपके. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, एचबीए१सी, ११.२.

एक्स-रे बघून पत्नीचा प्रश्न होता, "किड्यानं फुप्फुस खाल्लं का हो?" गावोगाव हाच समज आहे. उत्तर 'नाही' असं आहे, आणि सगळं प्रकरण त्या उत्तराभोवती फिरतं.

वायुकोशातले पहिले आठवडे

टीबीचा माणूस खोकतो, बोलतो, तेव्हा उडणाऱ्या थेंबांतले मोठे थेंब जमिनीवर पडतात किंवा दुसऱ्याच्या नाकात, श्वासनळीत अडकतात. तिथला चिकट स्राव आणि त्याला वर ढकलणारे सूक्ष्म केस त्यांना घशापर्यंत आणून सोडतात. घात करतात ते सुकून एक ते पाच मायक्रॉनचे उरलेले कण. ते बंद खोलीत तासन् तास तरंगतात आणि श्वासाबरोबर थेट वायुकोशात उतरतात. या घराची मधली खोली बिनखिडकीची. वडील, आई आणि धाकटा तिथेच झोपत.

वायुकोशात पहारा असतो तो मॅक्रोफेज या भक्षक पेशींचा. या पेशीचा स्वभाव समजून घ्यायला हवा. तिचं रोजचं काम धूळ, मेलेल्या पेशी, धुराचे कण गुपचूप गिळून जागा साफ ठेवण्याचं. प्रत्येक कणावर तिनं आरडाओरडा केला, सूज आणली, तर वायुकोश पाण्यानं भरतील आणि प्राणवायू आत जायचा थांबेल. म्हणून ती मुळात शांत असते, आणि टीबीचा जंतू नेमका या शांतपणाचा फायदा घेतो.

ती जंतूला गिळते. गिळलेली वस्तू एका पिशवीत जाते. पुढे त्या पिशवीला आम्ल आणि पाचक रसांची दुसरी पिशवी येऊन मिळाली की जंतू विरघळायला हवा. पण टीबीच्या जंतूच्या मेणचट आवरणातले पदार्थ या दोन पिशव्यांचं मीलन रोखतात. शिवाय तो ईसॅट-६ नावाचं प्रथिन सोडतो, ते पिशवीच्या पडद्याला भोकं पाडायला मदत करतं. पहारेकऱ्याच्या पोटातच चोर राहायला लागतो. धूर आणि बिडीच्या काजळीनं आधीच भरलेल्या मॅक्रोफेजची जंतू मारण्याची ताकद आणखी घटते. चुलवाणासमोर बसणाऱ्या माणसाचा पहिला पहारा त्यामुळे कच्चाच असतो.

दुसरी अडचण वेळेची. टीबीचा जंतू साधारण १८ ते २४ तासांत एकदा दुप्पट होतो. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, त्या मानानं हा गोगलगाय. पण दिवसाला एकदा दुप्पट धरलं तरी एका जंतूचे वीस दिवसांत कागदावर दहा लाखांवर जंतू होतात. आणि शरीराची खास फौज, म्हणजे जंतू ओळखून येणाऱ्या टी पेशी, इतके दिवस यायचं नाव घेत नाहीत. त्यांना बोलवायला जंतूचा तुकडा फुप्फुसातून छातीतल्या लसिका गाठीपर्यंत न्यावा लागतो. उंदरांवरच्या प्रयोगांत यालाच आठ-दहा दिवस लागतात आणि टी पेशी फुप्फुसात पोचायला जवळजवळ तीन आठवडे. माणसात त्वचेच्या चाचणीला प्रतिसाद दिसायला संसर्गानंतर दोन ते आठ आठवडे जातात. फ्लूच्या विषाणूविरुद्ध हेच काम आठवडाभरात उरकतं.

टी पेशी आल्या की चित्र पालटतं. त्या इंटरफेरॉन गॅमा हा निरोप सोडतात. निरोप मिळालेली मॅक्रोफेज तीच असते, पण आता चवताळलेली: अडलेल्या पिशव्या एकत्र येतात, नायट्रिक ऑक्साइडसारखी विषारी रसायनं तयार होतात. सोबत टीएनएफ हा दुसरा निरोप पेशींना एकत्र बांधतो आणि जंतूभोवती गाठ तयार होते, तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. मधे मेलेल्या पेशींचा, नासलेल्या दुधाच्या घट्ट चोथ्यासारखा पांढरट गर, त्याभोवती मॅक्रोफेज, काही एकमेकींत मिसळून झालेल्या राक्षसी पेशी आणि बाहेर टी पेशींचं कडं. गराच्या आत प्राणवायू जवळजवळ नाही, त्यामुळे जंतू मरतात किंवा झोपी गेल्यासारखे पडून राहतात. टीएनएफचं महत्त्व किती, हे २००१ मध्ये जगाला कळलं: संधिवातासाठी टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या रुग्णांमध्ये जुना दबलेला टीबी उफाळून आल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. तेव्हापासून अशी इंजेक्शनं देण्याआधी टीबीची तपासणी करतात.

पाचगणीच्या जुन्या आरोग्यधामांचं यश-अपयशही इथेच समजतं. जंतू मारणारं औषध तेव्हा नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती आणि दूध-अंडी यांच्या जोरावर रुग्णाची स्वतःची ग्रॅन्युलोमा टिकली तर तो घरी परते, नाही टिकली तर नाही.

पोकळी कुणी पाडली

वडिलांकडे परत येऊ. मधुमेहात टीबी होण्याचा धोका साधारण तिप्पट असतो. 'साखरेनं प्रतिकारशक्ती कमी होते' असं सगळे सांगतात, पण ते अर्धंच खरं. मधुमेही उंदरांवरच्या प्रयोगांत दिसतं ते असं: सुरुवातीला जंतूची खबर लसिका गाठीपर्यंत उशिरा जाते, म्हणून टी पेशी उशिरा येतात. तोवर जंतू कितीतरी पट वाढलेले असतात. मग त्या येतात तेव्हा समोर एवढा माल बघून प्रतिसाद गरजेपेक्षा जास्त तापतो, न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची झुंड लागते. आधी ढिलाई, नंतर अतिरेक. आग लहान असताना बंब आला नाही, आणि आला तेव्हा पाण्याच्या माऱ्यानं भिंत पाडून गेला.

ती पडलेली भिंत म्हणजे पोकळी. फुप्फुसाचा सांगाडा कोलॅजनच्या तंतूंचा असतो आणि ते तंतू फार चिवट असतात. टीबीच्या जंतूकडे ते तोडण्याची फारशी सोय नाही. ते तोडणारी विकरं (एन्झाइम), मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, आपल्याच मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल सोडतात. ग्रॅन्युलोमातला घट्ट गर पातळ होतो, भिंत विरघळते, बाजूची श्वासनळी फुटते आणि गर खोकल्यावाटे बाहेर पडतो. मागे उरते ती रिकामी जागा. आता तिथे हवा खेळते, जंतूला हवा तो प्राणवायू मिळतो, आणि पोकळीच्या आतल्या थरापर्यंत टी पेशी पोचत नाहीत. एका पोकळीत कोटीच्या घरात जंतू असू शकतात. ३ प्लसचा अहवाल तिथून आला.

पटत नसेल तर एचआयव्हीचा रुग्ण बघा. सीडी४ पेशी (टी पेशींचाच एक प्रकार) अगदी खाली गेलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात जंतू भरपूर असूनही पोकळी क्वचित दिसते, बेडकाही अनेकदा निगेटिव्ह येतो. पोकळी पाडायला लागणारी फौजच त्याच्याकडे नसते.

म्हणून पत्नीला दिलेलं उत्तर असं: किड्यानं खाल्लं नाही, किड्याशी लढताना आपल्याच पेशींनी घर पाडलं. हे ऐकायला कडू आहे, पण त्यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. एक, साखर ताब्यात आणणं हा टीबीच्या उपचाराचाच भाग आहे, जोडधंदा नाही. दोन, 'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' म्हणून बाजारात विकल्या जाणाऱ्या चूर्णांवर आणि सरबतांवर महिन्याचे पाचशे-हजार रुपये घालवू नयेत. या माणसाच्या फुप्फुसात प्रतिसाद कमी नव्हता, तो उशिरा आणि अवाजवी होता. तेच पैसे अंडी, डाळ, शेंगदाण्यावर खर्च झाले तर जास्त उपयोग.

धाकट्याच्या छातीतलं पाणी

वडिलांचा अहवाल आला त्याच आठवड्यात धाकट्याला ताप आला आणि खोल श्वास घेताना उजव्या कुशीत टोचू लागलं. कोरडा खोकला. एका ठिकाणी छातीतलं पाणी काढून तपासलं, त्यात जंतू सापडले नाहीत, 'टीबी नाही, न्यूमोनिया असेल' म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन दिलं. ताप चार दिवस उतरला आणि परत चढला. इथे दोन चुका झाल्या. लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूवरही चालतं, त्यामुळे आजार बरा होत नाही, फक्त झाकला जातो आणि निदान लांबतं. टीबीचा संशय असेल तिथे साध्या न्यूमोनियासाठी ते हाताशी घेऊ नये. दुसरी चूक मोठी: या पाण्यात जंतू शोधणं आणि न सापडल्यावर सुटकेचा श्वास टाकणं.

छातीत पाणी कसं होतं? संसर्गानंतर साधारण तीन ते सहा महिन्यांत फुप्फुसाच्या अगदी कडेची एक छोटी गाठ फुप्फुसावरच्या दुहेरी आवरणात फुटते. आवरणात उतरतात ते थोडेसेच जंतू आणि त्यांच्या कवचाचे तुकडे. पण तोवर टी पेशी तयार झालेल्या असतात, त्या तुटून पडतात. केशवाहिन्या गळू लागतात, प्रथिनं आणि पाणी झिरपतं, निचऱ्याच्या वाटा तुंबतात. साचलेलं लिटरभर पाणी म्हणजे मूठभर जंतूंना दिलेलं भलंमोठं उत्तर. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत. ट्रूनॅट किंवा तशीच सीबीनॅट चाचणीही या पाण्यात बहुतेक वेळा निगेटिव्ह. शोधायच्या त्या लढणाऱ्यांच्या खुणा.

पुन्हा पाणी काढलं ते ९०० मिलीलिटर. एका बैठकीत एक-दीड लिटरपुढे जायचं नाही, आणि मधेच जोराचा खोकला किंवा छातीत आवळल्यासारखं झालं तर लगेच थांबायचं. दबलेलं फुप्फुस एकदम फुगलं की त्यातच पाणी उतरू शकतं. पाणी गव्हाच्या काडासारखं पिवळं, स्वच्छ. साध्या बाटलीत थोडा वेळ ठेवल्यावर त्यात सायीसारखं जाळं धरलं. ते जाळं फायब्रिन या गोठणाऱ्या प्रथिनाचं, आणि त्यात लिम्फोसाइट पेशी (टी पेशी याच गटातल्या) अडकतात. म्हणून पेशी मोजायचा नमुना गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत वेगळा घ्यावा लागतो. साध्या बाटलीतून मोजल्या तर आकडा खोटा, कमी येतो.

अहवाल: प्रथिनं ५.२ ग्रॅम, पेशी २,४०० आणि त्यांतल्या ८८ टक्के लिम्फोसाइट, एडीए ७४ युनिट. एडीए हे विकर मुख्यत्वे लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज यांच्या कामाची खूण. लिम्फोसाइट जास्त आणि एडीए ४० च्या वर, सोबत घरात ३ प्लसचा रुग्ण, वय १९: टीबीचा उपचार सुरू करायला एवढं पुरेसं आहे. एक खबरदारी मात्र हवी. पू झालेल्या छातीत, लिम्फोमात (लसिका पेशींच्या कर्करोगात) आणि संधिवाताच्या पाण्यातही एडीए चढतं. पाणी गढूळ असेल, न्यूट्रोफिल जास्त असतील, तर पूचा विचार आधी करायचा. आणि आजाराच्या पहिल्या काही दिवसांत टीबीच्या पाण्यातही न्यूट्रोफिल जास्त दिसू शकतात, तेव्हा शंका राहिली तर पाणी काही दिवसांनी पुन्हा तपासायचं.

धाकट्याची साखर नॉर्मल, फुप्फुस धडधाकट, जंतू फार कमी. त्याचा बंदोबस्त कमजोर म्हणता येणार नाही. उलट, न उपचार करता हे पाणी काही आठवड्यांत बऱ्याचदा आपोआप आटतं. फसगत तिथेच होते, कारण अशा रुग्णांतल्या निम्म्याहून अधिक जणांना पुढच्या काही वर्षांत टीबी पुन्हा गाठतो, बहुतेकदा फुप्फुसातच. पाणी आटलं म्हणजे जंतू गेला असं नाही.

आईच्या हातावरचे १४ मिलिमीटर, आजीचा शून्य

आई त्याच खोलीत झोपणारी. खोकला नाही, ताप नाही, वजन स्थिर, घाम नाही, एक्स-रे स्वच्छ. तिच्या हातावर सीवाय-टीबी ही टीबीच्या संसर्गाची त्वचाचाचणी केली: ०.१ मिलीलिटर द्राव कातडीच्या थरात, बारीक फुगवटा उठेल असा. ४८ ते ७२ तासांनी तपासलं तेव्हा १४ मिलिमीटरचा टणक उंचवटा. मोजायचा तो टणकपणा, लाली नाही. बॉलपेनची रेघ कडेकडेनं आत आणायची, पेन अडलं तिथे खूण, दोन खुणांमधलं अंतर मोजायचं. पाच मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या या चाचणीत ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही दोनच प्रथिनं असतात. बीसीजी लसीच्या जंतूत ती नसतात, म्हणून लहानपणच्या लसीमुळे ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येत नाही. जुन्या ट्युबरक्युलिन चाचणीचा तो दोष होता.

१४ मिलिमीटरचा अर्थ एवढाच की तिच्या टी पेशींनी या जंतूला ओळखलं आहे. ग्रॅन्युलोमा झाल्या असतील, त्या सध्या टिकून आहेत. अशा माणसाला आयुष्यभरात आजार होण्याची शक्यता पाच ते दहा टक्के, आणि त्यातली निम्मी पहिल्या दोन वर्षांत. त्यामुळे आत्ताच प्रतिबंधक उपचार: आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, आठवड्यातून एकदा, असे १२ डोस. थोरला आणि त्याची बायकोही याच उपचारावर. थोरल्याची बायको माला-एन घेत होती. रिफापेंटिन यकृतातली विकरं वाढवून गर्भनिरोधक गोळीचा असर घालवतं, त्यामुळे तिला उपचार संपून महिना होईपर्यंत निरोध किंवा तांबीचा पर्याय समजावून द्यावा लागला. हे विचारायचं राहून जातं, आणि मग दिवस जातात.

आजीच्या हातावर शून्य मिलिमीटर. महिनोन् महिने रुग्णासोबत राहूनही ज्यांची चाचणी कधीच पॉझिटिव्ह होत नाही अशी माणसं असतात, त्यांच्यात पहिल्या पहाऱ्यानंच जंतू संपवला असावा असं मानतात. पण ७२ व्या वर्षी शून्य आकडा त्वचेचा प्रतिसाद मंदावल्यानंही येतो. तो शून्य निश्चिंत करणारा नाही. आजार नाही याची एक्स-रेनं खात्री करून आजीलाही घरातल्या संपर्कातली व्यक्ती म्हणूनच धरलं आणि यकृताची तपासणी करून प्रतिबंधक उपचार सुरू केला.

अडीच वर्षांची

मुलगी दुपारी आजोबांच्या कुशीत झोपे. दंडावर बीसीजीचा व्रण आहे, एक्स-रे स्वच्छ, वजन १०.५ किलो, वाढीचा तक्ता सरळ. घरचे म्हणाले, "पोरगी तर नाचतीय, तिला कशाला गोळी?"

कारण लहान मुलाच्या मॅक्रोफेज जंतू मारण्यात कच्च्या असतात आणि टी पेशींचा इंटरफेरॉन गॅमाचा निरोप दुबळा असतो. गाठ बांधली जाते पण सैल, आणि जंतू रक्तातून मेंदूपर्यंत पसरू शकतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला संसर्ग झाला आणि काही उपचार दिला नाही, तर आजार होण्याची शक्यता निम्म्यापर्यंत जाते. अडीच वर्षांला ती बरीच खाली येते, तरी मोठ्यांपेक्षा चित्र वेगानं बिघडतं. बीसीजी मेंदूज्वर आणि सर्वांगी टीबीपासून चांगलं संरक्षण देते, पण पूर्ण हमी देत नाही. आणि त्वचेची चाचणी आज निगेटिव्ह आली तरी प्रतिसाद तयार व्हायला आठ आठवडे लागू शकतात, तेवढी वाट बघायला वेळ नसतो.

म्हणून पाच वर्षांखालचं मूल घरात असेल आणि त्याला आजार नसल्याची खात्री झाली असेल, तर चाचणीवाचूनच प्रतिबंधक उपचार. आयसोनियाझिड किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे तिला १०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, सहा महिने. गोळी कुस्करून थोड्या पाण्यात. दर महिन्याला वजन करून मात्रा पुन्हा जुळवायची. मधेच मूल खेळेनासं झालं, सतत ताप राहिला, वजन थांबलं, उगाच चिडचिड किंवा उलट्या सुरू झाल्या, तर गोळी चालू आहे म्हणून निर्धास्त न राहता त्याच दिवशी दाखवायचं.

उपचारात काय काय बिघडलं

वडील आणि धाकटा दोघंही ५० ते ६४ किलोच्या गटात, म्हणून चार औषधांच्या एकत्रित गोळ्या रोज चार. प्रत्येक गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४००, इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन.

तिसऱ्या आठवड्यात वडिलांची उपाशीपोटीची साखर पुन्हा २४० झाली. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी ते या वेळी नेमानं घेत होते. रिफाम्पिसिननं यकृताची विकरं वाढवली आणि ग्लिमेपिराइड रक्तात टिकेनासं झालं. दोष रुग्णाचा नव्हता, पण बोलणी त्याला खावी लागली. मेटफॉर्मिन ठेवून इन्सुलिन सुरू केलं, साखर बसली. टीबीचा उपचार संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत हा परिणाम ओसरतो, तेव्हा मात्रा घटवायला विसरलं तर साखर धोकादायक उतरते. ती तारीख उपचार कार्डावर आधीच लिहून ठेवली.

धाकट्याचं वेगळंच झालं. ताप गेला, भूक परतली, आणि पाचव्या आठवड्यात मानेत दोन सेंटिमीटरची गाठ आली. "औषधं लागू पडत नाहीत, बंद करू का?" त्याचा प्रश्न रास्त होता. तपासायच्या गोष्टी तीन: गोळ्या खरोखर रोज पोटात जातात का, जंतू प्रतिरोधी आहे का, दुसरा काही आजार आहे का. गोळ्या नियमित होत्या. गाठीतून सुईनं द्राव काढून ट्रूनॅटला पाठवला, प्रतिरोध नाही. ग्रॅन्युलोमा दिसल्या. ही विरोधाभासी प्रतिक्रिया. औषधानं जंतू मेले, त्यांच्या कवचाचे तुकडे मोकळे झाले, आणि आजारपणात दबलेल्या टी पेशी पुन्हा जोमानं त्यांच्यावर धावल्या. मेलेल्या जंतूंभोवतीही गाठ फुगते. गोळ्या त्याच ठेवल्या, गाठ दोन महिन्यांत बसली. स्टेरॉइड लागलं नाही. स्टेरॉइडची जागा दुसरीकडे आहे: मेंदूच्या टीबीत, जिथे कवटीच्या बंद पेटीत सूज स्वतःच जीव घेते, तिथे औषधांच्या जोडीला डेक्सामेथासोन दिल्यानं मृत्यू कमी होतात.

पोषणाचा मुद्दा सगळ्यांना लागू. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला महिन्याला १,००० रुपये मिळतात, आधी ५०० मिळत. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा देऊन केलेल्या मोठ्या अभ्यासात त्या घरांतला नवा टीबी ३९ टक्क्यांनी घटला. टी पेशी बनायला प्रथिनं लागतात, इतकं ते साधं आहे. इथे दोन महिन्यांत वडिलांचं वजन ५५.५ किलो झालं आणि बेडका निगेटिव्ह आला. मधल्या खोलीच्या भिंतीत समोरासमोर दोन झरोके पाडले, ते काम थोरल्यानं एका रविवारी केलं.

सहा महिन्यांनंतरच्या एक्स-रेत पोकळीची भिंत पातळ झाली आहे, आकार निम्मा आहे, पण पोकळी आहे. जंतू मेले तरी तुटलेलं कोलॅजन तसंच्या तसं परत विणलं जात नाही. अशा रिकाम्या जागेत पुढे अ‍ॅस्परजिलस बुरशी घर करू शकते आणि खोकल्यातून रक्त येऊ शकतं. रक्त आलं म्हणजे टीबी उलटलाच असं नाही, पण बेडका आणि एक्स-रे त्याच दिवशी करायचा. उपचार संपल्यापासून दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं, तपासणीच्या तारखा कार्डावर आहेत. पुढच्या हंगामात वडिलांना चुलवाणावर न बसवता गुळाच्या ढेपी बांधायला ठेवायचं, हे गुऱ्हाळमालकाशी बोलून ठरलं आहे.